घरचं धुराडं कधी झाडायचं? वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

मागच्या अंकात जुन्या घरांच्या दुरुस्तीवर लिहिताना जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की पाचगणी-महाबळेश्वरकडच्या बंगल्यांतली फायरप्लेस पेटवायच्या आधी धुराडं झाडून घ्या. त्या एका वाक्यावर इतके प्रश्न आले की हा अख्खा अंक त्यालाच द्यावा लागला. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं छापलेली नाहीत, फक्त गाव दिलंय. आणि मी धुराडंच म्हणणार हां, कारण चिमणी म्हटलं की कुणाला पाखरू आठवतं, कुणाला रॉकेलची चिमणी, आणि फ्लॅटवाल्यांना गॅसच्या शेगडीवरची इलेक्ट्रिकची.

सर, आमचा आजेसासऱ्यांच्या वेळचा बंगला आहे. हॉलमधे दगडी फायरप्लेस आहे पण आठ-नऊ वर्षं पेटवलेली नाही. डिसेंबरात मुलगा, सून आणि नातू येणारेत, नातवाला ती पेटलेली बघायचीच आहे. कामवाल्या माणसाकडनं आतनं झाडून घेतली तर चालेल ना? – पाचगणी

ताई, नातवाची हौस नक्की पुरवा पण कामाला दिवाळीआधीच लागा, पाहुणे दारात आल्यावर नको. कामवाला माणूस झाडतो तो खालचा कोनाडा, जिथं आपण लाकडं रचतो. खरी गंमत त्याच्या वर असते. कोनाड्यात हात घालून वर नेला की धुराची वाट अरुंद होते तिथं एक लोखंडी झडप असते (जुन्या बंगल्यात ती गंजून जाम झालेली असते) आणि तिच्या मागं एक छोटा कट्टा असतो, वरनं पडणारं सगळं त्या कट्ट्यावर साठतं. मोबाइलचा टॉर्च लावा, व्हिडिओ चालू करा आणि हात वर करून आत धरा, दोन मिनिटांत कळतं काय परिस्थिती आहे ते.

दोन वर्षांपूर्वी तुमच्याच गावात एका बंगल्यात मी झडप ठोकून मोकळी केली तर आधी एक काटकी पडली, मग दुसरी, आणि मग धाडकन सगळं घरटंच खाली आलं. दोन घमेली काटक्या निघाल्या, त्यात सुतळी, खताच्या गोणीचे प्लास्टिकचे दोरे, आणि वाळून कागदासारखं झालेलं एक पाखरू. हे सगळं तसंच ठेवून खाली जाळ केला असता तर आधी धूर खोलीत आला असता आणि मग ते घरटं वरच पेटलं असतं. पण मला जास्त भीती वाटली ती माळ्यावर गेल्यावर. धुराड्याच्या भिंतीत छताच्या तुळईचं टोक चिणलेलं होतं आणि ते टोक कोळशासारखं काळं, नखानं भुगा निघत होता. लाकडाला वर्षानुवर्षं अशी धग लागत राहिली की ते हळूहळू करपतं आणि मग पेटायला कमी उष्णतासुद्धा पुरते. मालक म्हणत होते हा करपट वास म्हणजे जुन्या घराचा वास. धुराड्याची भिंत आणि लाकूड यांच्यात किमान दोन इंच मोकळी जागा पाहिजेच.

म्हणून तुम्हीपण माळ्यावर चढून धुराड्याची बाहेरची बाजू बघा. गिलाव्यावर तपकिरी डाग किंवा काजळीची रेघ दिसली की समजा आतला चुना झडलाय आणि धूर भिंतीतनं वाट काढतोय. ते बुजवताना गवंडी सिमेंट कालवायला लागेल, त्याला थांबवा. जुनं बांधकाम चुन्यातलं असेल तर सांधे चुन्यातच भरायचे, सिमेंट धगीनं तडकतं आणि आजूबाजूचा दगड-वीट घेऊन सुटतं. खालच्या कोनाड्यात मात्र फायर ब्रिक आणि फायर क्लेच (धग सोसणारी वीट आणि माती) लावा, सांगली-कोल्हापूर पट्ट्यात फाउंड्र्या आहेत त्यामुळं ते मिळायला अडचण नाही.

आणि सगळं झालं की आधी अगरबत्ती लावून झडपेखाली धरा. धूर सरळ वर ओढला गेला तर छान. खोलीत परत येत असेल तर एक खिडकी बोटभर उघडा, एक्झॉस्ट फॅन बंद करा, वर्तमानपत्राचा बोळा पेटवून झडपेपाशी धरा, म्हणजे नळीत बसलेली गार हवा गरम होऊन वर सरकते. तरीही धूर उलटत असेल तर नातवाला फायरप्लेस दाखवा, पेटवू नका. त्या रात्री पुरती शेकोटी अंगणात करा.

साताऱ्यात किंवा वाईत धुराडं झाडणारा माणूस मिळेल का? – वाई

दादा, हा धंदाच आपल्याकडं रुजला नाही. १८२८ साली मुंबईचा इंग्रज गव्हर्नर माल्कम यानं महाबळेश्वरात माल्कम पेठ वसवली, इंग्रज आले, त्यांच्या फायरप्लेस आल्या, पण धुराडं झाडणारी माणसं काही इथं घर करून राहिली नाहीत. आणि तिकडं ते काम कसं चालायचं ते ऐकलं तर बरंच झालं म्हणाल. इंग्लंडात लहान लहान पोरांना अरुंद नळीत चढवायचे. १७७५ मधे पर्सिव्हल पॉट नावाच्या सर्जननं दाखवून दिलं की या काजळीमुळं धुराडं झाडणाऱ्यांना कॅन्सर होतोय, आणि तरीही पोरं चढवणं खऱ्या अर्थानं थांबायला १८७५ चा कायदा यावा लागला, म्हणजे मधे शंभर वर्षं गेली! हे सांगायचं कारण असं की मागच्या महिन्यात एका होमस्टेवाल्यानं मला विचारलं, कामाला एक बारीक पोरगा आहे, त्याला आत सोडू का. अजिबात नाही. कुणालाच आत सोडायचं नाही, काम ब्रशनं करायचं.

ब्रश ऑनलाइन मिळतो, बाटली धुवायच्या ब्रशसारखा पण मोठा, आणि त्याला जोडत जायच्या दांड्या. विकत घ्यायच्या आधी नळीचं माप घ्या, ब्रश नळीला घट्ट घासत गेला पाहिजे. विटांची किंवा दगडी नळी असेल तर तारेचा, स्टेनलेस स्टीलचा पाईप असेल तर नायलॉनचा. आमच्याकडं एक म्हातारे गवंडी होते ते ओळंब्याचा दगड बांधलेल्या दोरीला बोरीच्या काट्यांची जुडी अडकवून वरनं खाली सोडायचे आणि दुसरा माणूस खालनं ओढायचा, कामही चांगलं व्हायचं, पण त्यासाठी छपरावर चढावं लागतं आणि पावसाळ्यानंतर मंगलोरी कौलावर शेवाळ असतं. माझं मत विचाराल तर खालनंच झाडा.

काम करायच्या आदल्या दिवसापासून जाळ बंद. फायरप्लेसच्या तोंडावर ओलं गोणपाट टांगायचं, कडेनं चिकटपट्टी, मधे ब्रशची दांडी जाईल एवढीच फट. सतरंज्या उचला, पंखा बंद. तोंडाला एन-९५ मास्क, डोळ्याला गॉगल, हातात हातमोजे, रुमाल बांधून भागत नाही, ही काजळी पिठापेक्षा बारीक असते. एकेक दांडी जोडत वर जायचं, पुढं-मागं घासत, आणि दांडी फिरवताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेनंच फिरवायची, उलटी फिरवली की आटे सुटतात आणि ब्रश वरच अडकून बसतो. मी हे एकदा केलंय, छप्पर उघडावं लागलं होतं, घरमालक अजून भेटले की आठवण काढतात. झाडून झालं की तास-दीड तास कशालाही हात लावू नका, सगळं खाली बसू द्या, मग झडपेमागचा कट्टा साफ करा. घरातला व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, बारीक काजळी त्याच्या पिशवीतनं आरपार जाऊन मागनं खोलीभर उडते.

वर्षातनं किती वेळा? – मेढा

तपासायचं वर्षातनं एकदा तरी, पावसाळा संपल्यावर आणि पहिला जाळ करायच्या आधी. झाडायचं मात्र काजळीचा थर बघून. आत कुठंही थर तीन मिलिमीटर झाला की झाडा, एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवली की साधारण तेवढं होतं. थर काचेसारखा चकचकीत दिसत असेल तर तीन मिलिमीटरची वाट बघू नका.

आमी डोंगरात ऱ्हातो. चुलीवर पत्र्याचं धुराडं बसवलंय. पावसाळ्यात पायपाच्या सांध्यातनं काळं पाणी गळतंय, भिंतीवर वघळ आलेत, वास डांबरासारखा. पत्रेवाल्यानं दोनदा सांधे सिमेंटनं बुजवले तरी गळतंय. पाऊस आत जातोय का? – पाटण तालुका

दादा, सगळ्या पत्रांत मला तुमचं पत्र महत्त्वाचं वाटलं, कारण बंगल्यावाल्यांची फायरप्लेस वर्षात दहा रात्री पेटते, तुमची चूल रोज पेटते.

थोडा पाऊस जात असेलही, पण डांबराचा वास येतोय म्हणजे ते पाणी पावसाचं नाही, तुमच्या जळणाचं आहे. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मं पाणी असतं. असं लाकूड चुलीत घातलं की बरीच धग ते पाणी उकळण्यातच जाते, जाळ नीट होत नाही, लाकूड धुमसतं, आणि न जळलेला धूर वाफेबरोबर वर जातो. वर पत्र्याचा पाईप, तोही घराबाहेर, पावसानं गार पडलेला. धूर सव्वाशे अंशाच्या खाली आला की त्यातलं तेलकट द्रव्य पाईपाला आतनं चिकटतं, गार ताटलीवर वाफ धरते ना तसं. त्याला क्रिओसोट म्हणतात. आधी ती मऊ काजळी असते, मग खपल्या होतात आणि शेवटी चकचकीत डांबर. ते नुसतं घाण नसतं तर जळण असतं, एक दिवस जाळ मोठा झाला की ते आतल्या आत पेट घेतं.

म्हणजे दुखणं पाईपात दिसतंय पण सुरू होतंय सरपणाच्या ढिगात. गुऱ्हाळावर कधी बघितलंय का, चुलवाणात ओलं चिपाड कुणी घालत नाही, आधी उन्हात पसरून वाळवतात, कारण ओल्यानं काहिलीला धग लागत नाही हे तिथल्या पोरासोरालाही माहिती असतं. घरच्या चुलीला मात्र आपण मिळेल ते घालतो. सरपण माघ-फाल्गुनातच फोडून ठेवा, बंबफोड करा, म्हणजे बंबात घालायला करतो तसे बारीक तुकडे, ते लवकर वाळतात, जमिनीपासनं वीतभर वर फळ्यांवर रचा, वरनं पत्रा पण बाजू मोकळ्या. प्लास्टिकच्या कागदात चारी बाजूंनी गुंडाळून ठेवलं तर आतल्या आत बुरशी येते. वाळलं का नाही ते दोन ढलप्या एकमेकांवर आपटून बघायचं, वाळकं टणटण वाजतं, ओलं भद्द वाजतं. शंका असेल तर एक ढलपी वाण्याच्या तराजूवर दर आठ दिवसांनी तोलत जा, वजन उतरायचं थांबलं की समजा लाकूड तयार.

आता सांध्याचं. पत्रेवाल्यानं वरचा पाईप खालच्या पाईपावर टोपीसारखा चढवला असणार, म्हणजे बाहेरचा पाऊस आत जाऊ नये. पावसासाठी ते बरोबर, पण आतनं उतरणारं डांबर त्याच सांध्यातनं बाहेर येतं. निदान छपराखालच्या भागात तरी वरच्या पाईपाचं तोंड खालच्या पाईपाच्या आत गेलं पाहिजे, म्हणजे जे काय उतरेल ते आतनंच चुलीत येऊन जळेल. पावसाची काळजी छपरापाशी आणि टोपीपाशी घ्यायची. नुसतं बुजवून गळायचं थांबणार नाही. शक्य असेल तर पाईपाचा जास्तीत जास्त भाग घराच्या आत ठेवा, गरम राहतो. आणि रोजच्या चुलीचं धुराडं वर्षाचं नाही, महिन्याला झाडायचं.

एक गोष्ट विसरायच्या आत सांगतो. १९८० च्या दशकात सरकारी योजनेतनं निर्धूर चुली आल्या, त्यांना बऱ्याच ठिकाणी सिमेंटच्या पत्र्यासारखा राखाडी पाईप बसवला गेला. तो ॲस्बेस्टॉसचा असू शकतो. तसा पाईप कुणाकडं असेल तर तारेच्या ब्रशनं कोरडा घासू नका, कापू नका, फोडू नका, त्याची धूळ फुप्फुसात जाते ती परत येत नाही. ओला करून अख्खाच्या अख्खा उतरवा आणि पत्र्याचा बसवा.

जाळात मूठभर खडेमीठ टाकलं की धुराडं आपोआप साफ होतं असं ऐकलं. आमच्या होमस्टेवर जुने माळी तर वाळक्या गवताचा पेंढा पेटवून आत सारतात, मोठा आवाज होतो आणि सगळं जळून साफ होतं. हे बरोबर आहे का? – महाबळेश्वर

मिठानं साफ काही होत नाही, पत्रा आणि झडप मात्र गंजते, आणि तुमच्याकडं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो, तिथं गंजाला आमंत्रण द्यायची गरज नाही. बाजारात पावडरी मिळतात त्यांनी चकचकीत थर जरा ठिसूळ होतो, पण ब्रश फिरवावाच लागतो.

माळीबुवांना हात जोडून सांगा, पुन्हा करू नका. तो जो मोठा आवाज होतो, रेल्वे गेल्यासारखा, ती धुराड्याला लागलेली आगच आहे. आतलं डांबर पेटलं की तापमान हजार अंशाच्या वर जातं. नळीला चिरा पडतात, बाहेरनं काही दिसत नाही, आणि पुढच्या वेळी साध्या जाळानं तुळई पेटते. आजवर काही झालं नाही ते नशीब.

चुकून कधी असा आवाज आला, वरनं ठिणग्या किंवा ज्वाळा दिसल्या तर पाहुण्यांना आधी बाहेर काढा, १०१ किंवा ११२ ला फोन करा. वेळ असेल तर खालच्या जाळावर वाळू किंवा राख टाकून तो दाबा, खोलीची दारं लावून हवा तोडा. पाणी ओतायचं नाही. तापलेल्या दगडावर पाणी पडलं की एका क्षणात वाफ होते, तुम्ही भाजता आणि नळी फुटते. विझल्यावर नीट तपासणी होईपर्यंत पुन्हा पेटवायचं नाही, पाहुणे कितीही मागं लागले तरी.

होमस्टेवाल्यांना आणखी एक. रात्री झोपताना ओंडका टाकून झडप लावून घ्यायची सवय बऱ्याच ठिकाणी बघितली, सकाळपर्यंत ऊब राहते म्हणून. धुमसत्या ओंडक्यानं रात्रभर डांबर धरतं ही एक गोष्ट, आणि झडप बंद असल्यामुळं कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू खोलीत येतो ही दुसरी. निखारे पूर्ण विझल्याशिवाय झडप लावायची नाही. प्रत्येक झोपायच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवा.

आमची चिमणी तेलकट झालीय आणि ओढत नाही. – सांगली, विश्रामबाग

वहिनी, तुमची गॅसवरची. जाळ्या काढून कडक पाण्यात धुण्याचा सोडा आणि भांड्यांचा साबण टाकून अर्धा तास भिजवा, ब्रशनं घासा, पूर्ण वाळवून बसवा. पुढचा प्रश्न.

आमच्याकडं अजून तांब्याचा बंब आहे. हिवाळ्यात वारं लागतं म्हणून तो न्हाणीघरातच पेटवतो. रविवारी सगळ्यांची न्हाणी होतात तेव्हा मुलींचं डोकं दुखतं, मळमळतं. शिकेकाईच्या वासानं होत असेल का? – मिरज

शिकेकाईचा काही दोष नाही. काका, आजच्या आज बंब बाहेर काढा, परसात, पडवीत, कुठंही पण उघड्यावर.

बंबाच्या मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी, आणि धूर नळीच्या तोंडातनं सरळ खोलीत. त्याला धुराडं नाहीच. न्हाणीघराचं दार लावलेलं, झरोका थंडीमुळं बुजवलेला, आणि रविवारी तीन-चार जणांची न्हाणी म्हणजे बंब दोन तास सतत पेटता. धूर डोळ्याला लागतो तोवर आपण खिडकी तरी उघडतो, पण धूर कमी होऊन लालभडक निखारे राहिले की आपल्याला वाटतं आता बरं, आणि तेव्हाच कार्बन मोनॉक्साइड भरत असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात प्राणवायूपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, आणि न्हाणीघरात चक्कर येऊन पडलं तर कडी आतनं लावलेली. मुलींना बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर बरं वाटतं का ते विचारा. वाटत असेल तर तेच आहे, डॉक्टरांनाही दाखवा आणि बंबाचं नक्की सांगा, नाहीतर ते पित्ताची गोळी देतील.

बंब बाहेर पेटवा, पाणी बादलीनं आत न्या. मधल्या नळीतली काजळी महिन्यातनं एकदा काथ्यानं घासून काढा, काजळीचा थर बसला की पाण्याला धग कमी लागते आणि सरपण जास्त जातं. नळी घासताना बंबात पाणी नसलं तर चालेल, पण पेटवताना मात्र आधी पाणी भरायचं, मग काडी. उलटं केलं की जोडाचा डाग सुटतो आणि बंब थेट तांबटाकडं.

फायरप्लेसची राख कुठं टाकायची? – कराड

आधी हे सांगा, कशात काढता? माझ्या चुलत बहिणीनं फार्महाउसवर सकाळी गार झालेली राख प्लास्टिकच्या बादलीत भरली आणि बादली लाकडी जिन्याखाली ठेवली. दुपारी बादलीचा तळ गायब आणि पायरीला ताटाएवढं भोक. वरनं हात लावला तर राख गारच लागते, आत निखारा तीन-चार दिवससुद्धा जिवंत राहू शकतो. पत्र्याचा डबा, पत्र्याचं झाकण, आणि डबा फरशीवर किंवा मातीत, घरापासनं लांब. चार दिवसांनी ती राख भांड्यांना वापरा, कडधान्याला चोळा, नाहीतर परसातल्या आळ्यात टाका. रंग दिलेलं लाकूड, प्लायवूड किंवा दुधाच्या पिशव्या जाळल्या असतील तर ती राख भांड्यांना आणि धान्याला लावायची नाही, आणि मुळात त्या पिशव्या जाळात टाकायच्या कशाला?